वडीलबाई

आमच्या चर्चच्या मंडळीचा कारभार वडीलमंडळ बघतं. हे वडील म्हणजे कुणाचे बाप नव्हेत. वार्षिक सभेत हात वर करून निवडलेली, वयानं आणि वजनानं भारी माणसं. पाळक उपदेश करतात, लग्नं लावतात, माती देतात. पण छपराचं काम कुणाला द्यायचं, पाळकांची मुदत वाढवायची की नाही आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या, मेजापासून कुणाला लांब ठेवायचं, हे वडील ठरवतात. पाळक दर काही वर्षांनी बदलतात. वडील बदलत नाहीत, फार तर मरतात.

या मंडळात सगळे पुरुषच असायचे. मग एकदा सिनॉडकडून, म्हणजे सगळ्या मंडळ्यांच्या डोक्यावर बसलेल्या मोठ्या सभेकडून, फर्मान आलं : प्रत्येक वडीलमंडळात निदान एक तरी बाई हवी. मंडळ चांगलंच हादरलं. मागच्या खोलीत दार लावून बैठक झाली. तिथं काय बोलणं झालं ते चहाचे कप धुऊन व्हायच्या आत गावभर झालं, कारण आमच्या मंडळात बंद फक्त दार असतं.

"गायनमंडळाच्या बाई घ्या," खजिनदार म्हणाले. ते दातांचे डॉक्टर.

"त्या बोलायला लागल्या की आपण जेवायला घरी जायचो नाही."

"मग मुख्याध्यापिका?"

"त्या मंडळीची घटना वाचतात, कलमासकट," सचिव म्हणाले. ते नाव तिथंच पडलं.

सचिवांची लाकडाची वखार. मंडळात त्यांचा शब्द शेवटचा असायचा, आणि बहुतेक वेळा पहिलाही. त्यांनीच नाव काढलं, "ती हॉस्पिटलच्या लाँड्रीतली, चादरीवाली?"

"ती बोलते का?"

"मी तरी ऐकलेली नाही."

"मग देवाचीच इच्छा," खजिनदार म्हणाले.

वार्षिक सभेत तिचं नाव पुकारलं तेव्हा मागच्या बाकावरून निवृत्त पोस्टमन ओरडले, "अहो, बाई वडील कशी होणार?" कुणीतरी म्हणालं, "मग आई म्हणा!" सगळं चर्च हसलं. तीही मान खाली घालून हसली. आपल्याला हसताहेत की आपल्यासाठी, हे न कळल्यासारखी. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं वडीलबाई.

उंच, हाडकुळी बाई. गरम पाण्यानं आणि सोड्यानं हात कोपरापर्यंत लाल झालेले. नवरा लग्नानंतर लवकरच गेला, मूलबाळ नव्हतं. बहीण वारली तेव्हा तिची पोर हिनं आणली आणि सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत वाढवली. दिवसभर वाफेत उभं राहून आलेली ही बाई संध्याकाळी पोरीला ऑर्गनच्या शिकवणीला घेऊन जायची आणि शिकवणी संपेपर्यंत बाहेरच्या पायरीवर डुलक्या काढायची. आता भाची चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. लोक म्हणायचे, मावशीच्या वाटचंही हीच बोलते, तेही बोटांनी.

मंडळातलं पहिलं वर्ष वडीलबाईनं दाराजवळच्या खुर्चीत काढलं. चहा आला की कप लावायचे, ठराव आला की हात वर करायचा. खजिनदार तर तिच्याकडे न बघताच "सर्वानुमते" म्हणून मोकळे व्हायचे.

मग एका ड्रायव्हरच्या विधवेचं प्रकरण आलं. तिनं घरात भाडेकरू ठेवला होता आणि लोक कुजबुजत होते, भाडेकरू खोलीत राहतो की घरात? हे विचारायला जायचं कुणी? पुरुषमाणसानं जाणं बरं दिसेना. सगळ्यांच्या माना दाराजवळच्या खुर्चीकडे वळल्या.

ती गेली. आयुष्यभर तिनं परक्या माणसांच्या चादरी उलगडून डाग बघितले होते. कुठला कशाचा, हे विचारायची तिला कधी लाज वाटली नव्हती. विधवेसमोर बसून तिनं भाडेकरूचा विषयसुद्धा काढला नाही. आतल्या दारातून एकदा नजर टाकली आणि उठली. विधवा जिन्यापर्यंत रडत मागे आली.

पुढच्या बैठकीत तिनं सांगितलं, "खाट एकच आहे."

खजिनदारांनी कप खाली ठेवला. मग सचिव म्हणाले, "शाब्बास. आम्ही सहा जणांनी दोन तास घेतले असते."

विधवेचं प्रभुभोजन बंद झालं. आणि वडीलबाईला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी शाब्बास म्हणालं होतं. पुढच्या बैठकीला तिनं खुर्ची दाराजवळून उचलून टेबलापाशी आणली. कपांना हात लावला नाही. खजिनदारांनी थोडी वाट बघितली आणि स्वतःच उठून चहा ओतला.

त्यानंतर तिला पाठवावं लागलं नाही, ती आपणहून जायला लागली. मंडळीची घटना मागून घेतली आणि जेवल्यावर भाचीनं आणून दिलेला चष्मा लावून ओळीवर बोट ठेवत वाचून काढली. कोण उपासनेला आलं नाही, कोणाच्या मुलानं बाहेर लग्न केलं, कोणाच्या घरातून बाटलीचा वास येतो, सगळं ती टिपायची. भट्टीवरचा म्हातारा पाववाला महिनाभर दिसला नाही, तर ही त्याच्या दारात. तो ओशाळून म्हणाला, "बुटांचे तळ गेलेत हो. असं कसं यायचं चर्चमध्ये?"

"घटनेत बुटांचा उल्लेख नाही," ती म्हणाली.

हे वाक्य आम्ही एकमेकांना सांगून पोट धरधरून हसलो. पण तेव्हापासून दार वाजलं की आधी खिडकीतून कोण आहे ते बघायची सवय सगळ्यांना लागली.

त्याच सुमारास सचिवांचा धाकटा मुलगा पाय मोडून काही महिने घरी येऊन राहिला. तो दुसऱ्या शहरात इंजिनीअर होता. वेळ जाईना म्हणून गायनमंडळात आला. आवाज खर्जातला, छान. ऑर्गनशेजारी खुर्ची टाकून बसायचा, कुबड्या भिंतीला टेकवून. सराव संपल्यावरही कधीकधी ऑर्गन ऐकू यायचा. पाय बरा झाला आणि तो निघून गेला.

भाचीनं मावशीला सांगितलं ते एका संध्याकाळी. मावशी इस्त्री करत होती.

"मावशी, इस्त्री बाजूला ठेव."

"बोल की. कान मोकळे आहेत."

"नाही, ठेव. आणि हे मी मावशीला सांगतेय. वडीलबाईला नाही."

मावशीनं इस्त्री उभी केली. सगळं ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, "कितवा?"

"चौथा लागेल. तो फोन उचलत नाही."

मावशीनं दूध गरम केलं, तिला प्यायला लावलं, अंगावर पांघरूण घातलं. म्हणाली, "सकाळी बघू. मी आहे ना." कित्येक दिवसांनी आपण त्या रात्री गाढ झोपलो, असं भाचीनं पुढे तिच्या मैत्रिणीला सांगितलं.

मावशी खरंच दुसऱ्या दिवशी वखारीत गेली. सचिव काचेच्या केबिनमध्ये बसले होते, टेबलावर भुशाचा पातळ थर. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि दार ओढून घेतलं, तसा करवतीचा आवाज खाली गेला.

"लग्नाचं बोलायला आलेय," ती म्हणाली.

सचिवांनी सगळं शांतपणे ऐकलं. पाणी पुढे केलं. "मुलगा आता तिकडच्या मंडळीत आहे. इथल्या यादीत त्याचं नावच नाही."

"नाव नसेल. मूल आहे."

"असेल. पण कुणाचं, हे तिच्याशिवाय कोण सांगणार?" ते पुढे वाकले. "मी तुम्हाला बहीण मानतो म्हणून सांगतो. ही गोष्ट लपणारी नाही. बाहेरून मंडळापुढे आली, तर मुलगीही जाईल आणि तुमची खुर्चीही. तुम्हीच आणलीत, तर निदान म्हणतील, बाई सरळ आहे. घरभेटींची समिती तुमच्या हाताखाली द्यायचं माझ्या मनात होतं. अजून आहे."

ती घरी आली. भाचीनं विचारलं, "काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले."

बैठक नेहमीसारखी प्रार्थनेनं सुरू झाली. मागच्या खोलीचा नळ, पडवीचे पत्रे, मग ऐनवेळचे विषय. सचिवांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. ती उभी राहिली. मंडळात कुणी उभं राहून बोलत नसे.

"माझ्या घरातली गोष्ट आहे," ती म्हणाली. "भाचीला दिवस गेलेत. लग्न नाही."

पाळक तरुण होते, नवीन होते. ते म्हणाले, "मी घरी जाऊन तिच्याशी बोलतो. सगळ्यांपुढे उभं करायची काय गरज?"

"पाळकसाहेब," सचिव गोड आवाजात म्हणाले, "तुमच्या मुदतवाढीचा विषय पुढच्या बैठकीत आहे. त्यातही आपण सगळं नियमानंच करणार आहोत."

पाळकांच्या घरात नुकताच पाळणा हलला होता. ते टेबलाकडे बघत राहिले.

"मुलगा कोण?" खजिनदारांनी विचारलं. विचारलं आणि लगेच ते आपल्या नखांकडे बघायला लागले. तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

सचिवांनी पेनाला टोपण लावलं. "वडीलबाई, तो मुलगा आपल्या मंडळीचा सभासद आहे?"

तिनं त्यांच्याकडे बघितलं. "नाही."

"मग नाव नोंदवायचं कारण नाही."

"अनुमोदन," कोणीतरी घाईनं म्हणालं.

खजिनदारांना बहुधा वाईट वाटलं असावं. "घरचाच मामला आहे. मतदानाच्या वेळी तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल."

"ड्रायव्हरच्या बायकोच्या वेळी मी बसले होते," ती म्हणाली. "आजही बसते." आणि सगळ्यांच्या आधी तिनं हात वर केला.

ठरलं असं : भाचीनं ऑर्गन सोडायचा, प्रभुभोजन बंद, आणि येत्या रविवारी मंडळीसमोर उभं राहून कबुली द्यायची. हे तिला कळवायचं काम अर्थातच वडीलबाईकडे.

घरी भाची रविवारची गीतं लावत बसली होती.

"ती राहू दे. ऑर्गन दुसरं कुणीतरी वाजवेल."

"का?" म्हणून भाचीनं वर बघितलं आणि तिला कळलं. तिनं गीतपुस्तक मिटलं. मग म्हणाली, "मी मावशीला सांगितलं होतं."

"घरात एक आणि मंडळात एक, असं मला वागता येत नाही."

"त्याचं नाव सांगितलंस?"

"तो आपल्या अधिकारात येत नाही."

"आणि मी?"

"तू येतेस."

भाची हसायला लागली. इतकी हसली की खालून सायकलवाल्यानं हाक मारून विचारलं, काय झालं म्हणून.

कबुलीचं वाक्य ठरलेलं असतं : मी पाप केलं, मंडळीला कमीपणा आणला, मला क्षमा करावी. मावशीनं ते तिच्याकडून म्हणून घेतलं. मोरीपाशी भांडी घासता घासता भाची म्हणायची आणि मावशी दुरुस्त करायची, "कमीपणा आणला. आला नाही, आणला." नीट म्हटलंस तर वर्षभरात परत मेजाशी घेतील, असंही समजावलं. मुलगी वाक्य म्हणत होती, त्यामुळे सगळं सुरळीत होईल अशी मावशीची समजूत झाली.

रविवारी चर्च तुडुंब भरलं. कधी न दिसणारी माणसं केस विंचरून आली होती. त्या रविवारी गीतं पुकारायची पाळी वडीलबाईची होती. ती पुढच्या उंचवट्यावर पाळकांशेजारी बसली होती, गीतपुस्तक मांडीवर. ऑर्गनवर खजिनदारांची बायको.

पाळकांनी भाचीला पुढे बोलावलं. ती आली. अंगात निळा कोट, त्याचं पोटावरचं बटण लागत नव्हतं. आमच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"मी पाप केलं," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता. मग थांबली. पुढच्या बाकावर सचिव बसले होते, तिनं त्यांच्याकडे बघितलं. "एकटीनं नाही केलं. ज्याच्याबरोबर केलं, तो ह्याच—"

"पुढचं गीत," वडीलबाई उठून म्हणाली. "सर्वांनी उभं राहावं."

खजिनदारांच्या बायकोची बोटं पट्ट्यांवर पडली. बाकं करकरली. सगळे उठले आणि गायला लागले. भाचीचे ओठ हलत होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. ती ओरडत असावी, पण ऐकू काही आलं नाही. एवढी माणसं एका सुरात गात असताना एका बाईचा आवाज किती पोचणार? कडव्यामागून कडवं झालं. सचिव छान गात होते. वडीलबाई उभी होती, पुस्तक उघडं धरून, शब्द न चुकता. शेवटच्या कडव्यापर्यंत भाची मधल्या वाटेनं निघून गेली होती आणि दार उघडंच राहिलं होतं. पाळकांनी जाऊन ते लावलं.

त्याच आठवड्यात भाचीनं गाव सोडलं. दूरच्या एका शहरात चष्म्याच्याच दुकानात तिला काम मिळालं, मुलगा झाला. तिथल्या मंडळीत जायचं तर इथला सभासदत्वाचा दाखला हवा. तिथल्या पाळकांनी तो मागवला. आमच्या मंडळानं उत्तर दिलं, शिस्तीखालच्या, म्हणजे प्रभुभोजन बंद असलेल्या, व्यक्तीला दाखला देता येत नाही. मग बाळाच्या बाप्तिस्म्याबद्दल विचारणा आली. त्यावर चर्चा सुरू झाली तेव्हा वडीलबाई म्हणाली, "पुढच्या बैठकीत घेऊ." पुढच्या बैठकीतही तेच. ना ती आमची होती, ना कुणाची होऊ शकत होती. घरभेटींची समिती मात्र वडीलबाईकडे आली, ठरल्याप्रमाणे.

पोर चालायला लागलं असेल तेव्हा ती एकदा तिकडे गेली. कुणाला न सांगता, एकटी. बरोबर स्वतः विणलेला स्वेटर. भाचीनं दार उघडलं, आत घेतलं, खुर्ची दिली. घरमालकीण डोकावली, तिला भाची म्हणाली, "आमच्या जुन्या मंडळीतल्या बाई आहेत."

"बाळ?" मावशीनं विचारलं.

"झोपलाय. उठला की दाखवते."

मावशी बसली. चहा झाला. भाची समोर बसून कुणाचातरी चष्मा दुरुस्त करत होती, बारीक स्क्रू, बारीक पेचकस. थोड्या वेळानं आतल्या खोलीतून पोराचं खिदळणं ऐकू आलं. मग काहीतरी जमिनीवर आपटल्याचा आवाज, मग पावलं, दारामागे.

"उठला वाटतं," मावशी म्हणाली.

"नाही. झोपलाय."

पोरानं आतून दारावर थापा मारल्या. मावशी खुर्चीतून अर्धी उठली. भाचीनं वर बघितलं नाही. स्क्रू बसवत राहिली. मावशी परत खाली बसली. उन्हं उतरेपर्यंत बसली. घरमालकिणीनं मागच्या दारानं आत जाऊन पोराला उचललं, भरवलं, त्याच्याशी गप्पा मारल्या, ते सगळं भिंतीपलीकडून ऐकलं. मग तिच्या गाडीची वेळ झाली. स्वेटर तिनं खुर्चीवर ठेवला. ती जिना उतरत असताना घरमालकीण तो घेऊन धावत आली, "बाई, तुमचं राहिलं बघा."

पुढे सचिवांच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलीकडच्यांना आमचं चर्च आवडलं होतं. इथं लग्न लागायचं तर इथला सभासद हवा, म्हणून एकाच बैठकीत त्याला पुन्हा सभासद करून घेतलं गेलं. ठरावावर वडीलबाईचा हात होता. लग्नाच्या दिवशी ती दारात उभी राहून पाहुण्यांना जागा दाखवत होती, तेव्हा नवरामुलगा तिच्यासमोरून गेला आणि म्हणाला, "कशा आहात?" ती म्हणाली, "बरी आहे."

त्याच वर्षी तिची मुदत संपली. पुन्हा आपलंच नाव येणार यात तिला शंका नव्हती. नवा कोट शिवून घेतला होता. वार्षिक सभेत सचिवांनी मुख्याध्यापिकेचं नाव सुचवलं. कुणीतरी विचारलं, "वडीलबाईंचं काय?" सचिव उठले, खूप खेद झालेला चेहरा करून म्हणाले, "त्यांची सेवा कोण विसरेल? पण घटना सांगते, वडिलाचं स्वतःचं घर शिस्तीत असावं. त्यांच्या घरात जे झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मला वाटतं, त्या स्वतःच हे मान्य करतील."

सगळे तिच्याकडे वळून बघत होते. पोस्टमन कुणाच्यातरी कानाशी लागले आणि त्या बाजूला हशा पिकला.

"मान्य आहे," ती म्हणाली.

त्यानंतर तिच्याकडे कुणी गेलं नाही. ज्यांच्या दारात ती गेली होती, ते तर नाहीच. ड्रायव्हरची विधवा तर तिला रस्त्यात बघून फुटपाथ बदलायची. लाँड्रीतूनही ती निवृत्त झाली. दोन खोल्यांत रेडिओ मोठ्यानं लावून बसायची, सायकलवाला तक्रार करायचा. तिच्या छातीचं दुखणं कुणाला कळलं नाही. ती ज्या हॉस्पिटलच्या चादरी धूत आली, तिथंच एका खाटेवर गेली.

हॉस्पिटलनं भाचीला कळवलं. ती आली, मुलाला घेऊन. मुलगा सचिवांच्या घराण्यातला आहे हे सांगायला कुणाची गरज नव्हती. कपाळ, भुवया, सगळं तेच. मातीला आम्ही मोजकेच होतो. पेटी खाली सोडत असताना मुलानं विचारलं, "ही कोण?"

"माझ्या आईची बहीण," ती म्हणाली.

कबरस्तानाच्या फाटकापाशी सचिवांनी तिला गाठलं. आता ते काठी घेऊन चालत. मुलाकडे एकदा बघून त्यांनी नजर काढून घेतली. म्हणाले, "झालं ते झालं. अर्ज दिलास तर तुझं सभासदत्व परत सुरू करता येईल. एक साधी कबुली द्यावी लागेल, बस."

तिनं त्यांना खोल्यांची किल्ली कुणाकडे असते ते विचारलं. खाट, शिलाईचं मशीन आणि रेडिओ सायकलवाल्याला देऊन टाकला आणि संध्याकाळच्या गाडीनं मुलाला घेऊन निघून गेली.

पुढच्या बैठकीत वडीलमंडळानं शोकप्रस्ताव मांडला. सगळे मिनिटभर उभे राहिले. मग मुख्याध्यापिकेनं विचारलं, पडवीच्या पत्र्यांचं काय झालं, आणि त्यावर बराच वेळ वाद चालला.